प्रत्येक टाकी नियमात बसते, तरी प्रकल्प का कोसळतो? (सिस्टिम्स थिंकिंग आणि रेझिलियन्स)

जलरेखा
नमस्कार मंडळी. मी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांच्या डिझाइनमध्ये काम करते. सध्या एका प्रकल्पाच्या आढावा बैठका चालू आहेत आणि एका मुद्द्यावर गाडं अडलंय. घरगुती सांडपाण्यात काही उद्योगांचं पाणी मिसळून येणार आहे, म्हणून मी जैविक प्रक्रियेच्या आधी इक्वलायझेशन टँक (कमी-जास्त येणारं पाणी साठवून पुढे एकसारखं सोडणारी टाकी) ठेवला होता. तो आता काढून टाकायचं घाटतंय. म्हणणं असं, की सगळी युनिट्स सरासरी आणि कमाल प्रवाहाला पुरतात, मग हा टँक कशाला? आकडे तपासले तर त्यांना खोडून काढता येत नाही. एअरेशन टँक (हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववणारी टाकी) बसतो, क्लॅरिफायर (गाळ तळाशी बसवणारी टाकी) बसतो, हवा देणारे ब्लोअर पुरतात.

तरी मन मानत नाही. एकेक भाग वेगळा तपासून पूर्ण प्रकल्प तपासल्यासारखं होतं का, की भागांची जोडणीही बघायला हवी, म्हणजे सिस्टिम्स थिंकिंग हवं? झटका सोसून पुन्हा कामाला लागण्याची ताकद, म्हणजे हल्ली सगळे ज्याला रेझिलियन्स म्हणतात ती, नेमकी कुठे असते? जास्तीच्या क्षमतेत, जोडणीत, की चालवणाऱ्या माणसांत? आणि समोरच्याला पटेल अशी ती मांडायची कशी? सांडपाणीच हवं असं नाही. नद्या, तलाव, पिण्याचं पाणी, कुठलाही अनुभव चालेल.

निवळी
टँक अजिबात सोडू नका!

मी प्रकल्प चालवणाऱ्यांपैकी. कागदावर एअरेशन टँक म्हणजे घनमीटर आणि किलो ऑक्सिजन. आमच्यासाठी तो जिवंत गोठा आहे. त्यातले अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, थंडीत तर आणखीच. सेंद्रिय घाण खाणारे बाकीचे जिवाणू त्यांच्या कितीतरी पटींनी भराभर वाढतात. त्यामुळे विषारी पाण्याचा लोंढा आला, की बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) दोन-चार दिवसांत जागेवर येतो, पण अमोनिया आठवडेच्या आठवडे वर राहतो. झटका तासाभराचा आणि दुखणं महिनाभराचं. तुमच्या तक्त्यात हा महिना कुठल्या रकान्यात लिहिलाय, हे बैठकीत विचारा.

गणिती_गाळ
वेगळं मत मांडतो. रेझिलियन्सच्या नावाखाली प्रत्येक जण हातचं राखून डिझाइन करायला लागला तर प्रकल्प दुप्पट मोठे होतात, आणि मोठं म्हणजे दणकट असं मुळीच नाही. गरजेपेक्षा मोठ्या एअरेशन टँकमध्ये भार कमी पडतो, गाळ म्हातारा होतो, तंतुमय जिवाणू माजतात, आणि मग क्लॅरिफायरमध्ये गाळ बसतच नाही. इक्वलायझेशन टँक नीट ढवळला नाही आणि त्यात हवा सोडली नाही, तर त्यातच पाणी सडतं. पुढच्या प्रक्रियेला सल्फाइडयुक्त पाणी मिळतं. झटका टाळायला बांधलेली टाकीच रोज थोडाथोडा झटका देते.

शिवाय वीज, काँक्रीट, देखभाल हाही पर्यावरणावरचा भारच आहे. आजवर पडून राहिलेल्या जास्तीच्या क्षमतेचा हिशेब कोण देणार?

निवळी
>>मोठं म्हणजे दणकट असं मुळीच नाही

हे शंभर टक्के मान्य. पण मी मोठ्या एअरेशन टँकबद्दल बोलत नाहीये, *वेळ* मिळण्याबद्दल बोलतोय. इक्वलायझेशन टँक चालवणाऱ्याला काही तास देतो. त्या तासांत कळतं की काहीतरी वेगळं आलंय. पाणी वळवता येतं, थोडं थोडं करून सोडता येतं.

डायजेस्टरचं, म्हणजे गाळ हवेशिवाय कुजवून गॅस करणाऱ्या बंद टाकीचं उदाहरण देतो, कारण व्यवस्था कशी घसरते ते तिथे फार स्पष्ट दिसतं. जिवाणूंचा एक गट सेंद्रिय पदार्थांपासून आम्लं तयार करतो आणि दुसरा गट ती आम्लं वापरून मिथेन बनवतो. भार अचानक वाढला तर पहिला गट लगेच कामाला लागतो. मिथेनवाले हळू. आम्लं साठतात, त्या आम्लांनी मिथेनवाले आणखी मंदावतात, म्हणून आम्लं आणखी साठतात. एकदा हे चक्र फिरू लागलं की आपोआप थांबत नाही.

आता मजा बघा. हे सगळं चालू असताना पीएच मीटर सात दाखवत असतो! पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारण्याची क्षमता, आम्लं पचवत असते, म्हणून पीएच हलत नाही. ती संपली की धाडकन पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही आम्लं आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर बघतो. ०.१ ते ०.२५ असेल तर सगळं ठीक. ०.४ च्या पुढे सरकू लागलं तर भरणा कमी करा, पीएच काहीही म्हणो. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वाढू लागणं हीसुद्धा आधीची खूण.

जलरेखा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ती ताकद इथे अल्कलिनिटीत होती, आणि ती किती उरलीय हे कुणीतरी रोज मोजत होतं यात होती.

वाटसरू_२
मी या क्षेत्रातला नाही, पण वाचतोय. म्हणजे जे मोजायला सोपं आहे ते सगळ्यात शेवटी हलतं?

निवळी
नेहमीच नाही, पण या बाबतीत अगदी तसंच.

शेवाळ
वाटसरू, तलावांतही हेच होतं, आणि तिथे परत फिरणं आणखी अवघड.

उथळ तलाव दोन स्थितींत टिकून राहू शकतो. एकात पाणी नितळ, तळाशी वनस्पती. दुसऱ्यात पाणी हिरवं गढूळ, वनस्पती नाहीत. नितळ स्थितीत वनस्पती गाळ धरून ठेवतात, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना आसरा देतात, म्हणून फॉस्फरस वाढत गेला तरी बराच काळ पाणी नितळच दिसतं. मग एका टप्प्यावर वनस्पती मरतात आणि तलाव उलटतो. आता फॉस्फरस त्या टप्प्याच्या जरा खाली आणला म्हणून तलाव परत येत नाही. फार खाली आणावा लागतो, कारण तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस वर्षानुवर्षं पाण्यात येत राहतो. जायची वाट एक, यायची वाट दुसरी.

हॉलिंग या कॅनडाच्या परिसरशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये स्थैर्य आणि रेझिलियन्स यांतला फरक मांडला तो अशाच निरीक्षणांवरून. धक्क्यानंतर किती लवकर पूर्वपदावर येतो, हा एक प्रश्न. किती धक्का सोसूनही ती व्यवस्था तीच राहते, हा दुसरा. अभियंते बहुतेक वेळा पहिलाच मोजतात. डायजेस्टर आंबट होणं किंवा तलाव उलटणं दुसऱ्यात मोडतं.

रसायनी
छान चाललाय धागा. पिण्याच्या पाण्याकडून एक उदाहरण, कारण एकेक भाग तपासण्याचा धोका याहून ठळक मला माहीत नाही.

वॉशिंग्टन डीसीमध्ये २००० साली पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली. हेतू चांगलाच होता. क्लोरीनमुळे तयार होणारी घातक उपउत्पादनं कमी करायची होती, आणि ती झालीही. पण जुन्या शिशाच्या नळजोडण्यांच्या आत शिशाच्या डायऑक्साइडचा थर जमलेला होता, आणि तो टिकून होता तो क्लोरीनच्या तीव्र ऑक्सिडीकरणामुळे. क्लोरामाइन त्या मानाने सौम्य. थर विरघळू लागला आणि घराघरांतल्या नळांतून शिसं येऊ लागलं. २००४ मध्ये ऑर्थोफॉस्फेट (नळी गंजू न देणारं रसायन) मिसळायला लागल्यावर ते आटोक्यात आलं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी उत्तम होतं. बिघाड झाला तो केंद्राच्या कुंपणाबाहेर, नळीच्या आतल्या एका थरात, आणि तो थर कुठल्याच आराखड्यात "भाग" म्हणून दाखवलेला नव्हता.

अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला तेव्हा तर गंजरोधक मिसळलंच नाही. नदीचं पाणी जास्त गंजकारक, आत शिशाच्या नळ्या. पुढे तिथेही नळांतून शिसं आलं.

गणिती_गाळ
रसायनी, उदाहरण जबरदस्त आहे. पण यातून डिझाइन करणाऱ्याने काय घ्यायचं? "सगळ्याचा सगळ्याशी संबंध आहे" एवढंच हाती येणार असेल तर काम पुढे सरकत नाही. हद्द कुठेतरी आखावीच लागते. नाहीतर प्रत्येक अहवाल विश्वरूपदर्शन होईल.

रसायनी
बरोबर, हद्द आखावीच लागते. माझा साधा नियम: बदल करणार असाल तर पाणी शेवटच्या माणसाच्या भांड्यात पडेपर्यंत ज्या ज्या पृष्ठभागाला लागतं ते सगळं हद्दीच्या आत. उलट दिशेने, पाणी जिथून आलं तिथे वर्षभरात काय काय बदलतं तेही आत. बाकीचं बाहेर ठेवलं तर चालतं. हा नियम सगळीकडे लागू पडेल असं म्हणत नाही, पण डीसीमध्ये याने ती नळी हद्दीत आली असती.

ओढ्याकाठी
नद्यांच्या लोकांना हद्दीचा प्रश्न रोजचाच आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

पूर आला की बांध घालायचा, ही पहिली प्रतिक्रिया. बांधामुळे लहान पूर येत नाहीत. लहान पूर येत नाहीत म्हणून लोकांना वाटतं जागा सुरक्षित आहे, वस्ती वाढते. मग बांधाच्या उंचीपेक्षा मोठा पूर येतो आणि पूर्वीपेक्षा जास्त नुकसान करतो. गिल्बर्ट व्हाइट हे अमेरिकन भूगोलतज्ज्ञ १९४० च्या दशकातच हे सांगत होते. मिसिसिपीवर याला आणखी एक पदर आहे. बांधांनी नदी कोंडली, म्हणून पुराबरोबर पसरणारा गाळ मुखाकडच्या पाणथळींना मिळेनासा झाला. त्या खचत गेल्या, झिजत गेल्या. आणि समुद्राकडून येणाऱ्या वादळी लाटांचा जोर कमी करण्याचं काम याच पाणथळी करत होत्या. एकीकडचं रक्षण दुसरीकडे मुळावर आलं.

किसिमी नदीचं घ्या. फ्लोरिडातली ही वळणावळणाची १६६ किलोमीटरची नदी १९६२ ते १९७१ या काळात ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात घातली. पूर निचरला खरा, पण काठच्या पाणथळी सुकल्या, पाणपक्षी गेले. पुढे १९९९ पासून कालव्याचा काही भाग परत बुजवून वळणं मोकळी केली, ते बांधकाम २०२१ मध्ये संपलं. सरळ करायला जितकी वर्षं लागली त्याच्या दुपटीहून जास्त परत वाकवायला लागली.

नेदरलँड्सने वेगळा रस्ता धरला. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर (दुसऱ्या वेळी अडीच लाख माणसं हलवावी लागली होती) त्यांनी ठरवलं की बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायची. तीसहून अधिक ठिकाणी कामं झाली. नायमेखनजवळ तर बांधच ३५० मीटर मागे सरकवला आणि नदीला आणखी एक पात्र खोदून दिलं. त्यासाठी काही घरं उठवावी लागली, त्यावरून वादही झाले. हे दुखणं झाकून चालणार नाही. पण मोठा पूर आला तर पाणी *कुठे* जाणार हे आता आधीच ठरलेलं आहे.

जलरेखा, मला वाटतं तुमच्या बैठकीत हाच प्रश्न विचारावा. प्रकल्पाच्या ताकदीबाहेरचं पाणी आलं तर ते कुठे जाणार? डिझाइनमध्ये उत्तर नसेल तर पाणी स्वतःच ठरवेल.

टिपकागद
+१ ओढ्याकाठी. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. त्यानंतर २०१२ च्या आराखड्यात त्यांनी सगळ्या नळ्या मोठ्या करण्याचा नाद सोडला. काही रस्ते पाणी वाहून नेतील असे, काही बागा खोलगट, म्हणजे अतिवृष्टीत तिथे पाणी साठेल आणि तळघरं वाचतील. एरवी ती बागच.

तळघर
तळघरांचा विषय निघालाच आहे तर माझं नाव सार्थकी लावतो.

मी विद्युत विभागाचा माणूस. पर्यावरण अभियंते सांगतात, "दोन पंप चालू, एक राखीव." मी विचारतो, तिन्ही एकाच खोलीत आहेत का? एकाच फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर? एकाच पॅनेलमधून? उत्तर बहुतेक वेळा "हो". मग तो राखीव पंप पंप बिघडला तर उपयोगी, पण खोलीत पाणी शिरलं तर तिन्ही एकदम गेले.

जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पात २०११ च्या त्सुनामीने हेच केलं. आपत्कालीन जनरेटर बरेच होते, पण बहुतेक खालच्या पातळीवर, समुद्राच्या पाण्याने थंड होणारे. सहाव्या अणुभट्टीचा एक जनरेटर उंचावर होता आणि हवेने थंड होणारा होता. तेवढा वाचला आणि त्याच्या विजेवर पाचवी आणि सहावी अणुभट्टी सांभाळता आली. संख्येने वाचवलं नाही, वेगळेपणाने वाचवलं.

टेक्सासचं फेब्रुवारी २०२१ तर गुंत्याचा नमुना. थंडीने वीज कमी पडली, म्हणून भारनियमन केलं. त्यात नैसर्गिक वायूच्या कॉम्प्रेसर केंद्रांचीही वीज गेली, कारण ती अत्यावश्यक म्हणून नोंदवलेलीच नव्हती. वायू कमी झाला म्हणून वीजनिर्मिती आणखी घटली. निवळी यांच्या डायजेस्टरचंच चक्र! वीज गेल्यावर पाण्याचे पंप थांबले, नळ्या गोठून फुटल्या, दाब गेला, आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं.

शेवाळ
तळघर, वेगळेपणाचा मुद्दा फार मोलाचा. केपटाऊनची २०१८ ची टंचाई आठवा. मुख्य धरणं सहा, पण सगळी एकाच हिवाळी पावसावर. सलग कोरडी वर्षं आली तशी सहाही एकदम आटली. त्याउलट सिंगापूरने चार वेगवेगळे स्रोत जपले: स्वतःचं पाणलोट, बाहेरून घेतलेलं पाणी, शुद्ध केलेलं सांडपाणी आणि समुद्राचं गोडं केलेलं पाणी. यातले शेवटचे दोन पाऊस पडो न पडो चालतात. अर्थात वीज मात्र जास्त खातात, म्हणजे तळघर यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

गणिती_गाळ
अवांतर, पण विषयाला धरून. केपटाऊनच्या लोकांनी पाण्याचा वापर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आणला, ही विलक्षण गोष्ट. पण पाणी कमी विकलं गेलं की पाणीपुरवठ्याचं उत्पन्नही घटतं, आणि नळ्या-पंपांचा खर्च तसाच राहतो.

मलनिस्सारणातही बचतीचे परिणाम दिसतात. पाणी कमी वाहिलं तर मैला पुढे ढकलला जात नाही, नळीत बसतो, सडतो. हायड्रोजन सल्फाइड सुटतो, नळीच्या ओलसर छतावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट वरून खाल्लं जातं. पाण्याची बचत चूक आहे असं म्हणत नाही. बचतीचा आराखडा करताना गटारवाल्यालाही बैठकीला बोलवा, एवढंच.

निवळी
गणिती, आता तुम्ही आमच्या बाजूला आलात :)

गणिती_गाळ
मी पहिल्यापासून याच बाजूला होतो, फक्त हिशेब मागत होतो. आणि तो अजून मिळालेला नाही.

जलरेखा
सगळ्यांचे मनापासून आभार. गणिती_गाळ यांचा आग्रह मला सगळ्यात उपयोगी वाटतोय, कारण बैठकीत समोर असेच लोक आहेत.

त्यांना दाखवायला माझ्याकडे फक्त सरासरी आणि कमाल आहे. उद्योगांच्या पाण्याचा तासागणिक आलेख नाही. त्यातले दोन उद्योग आठवड्यातून एकदा टाक्या धुतात आणि ते पाणी एकदम सोडतात, एवढं ऐकून माहीत आहे. पुढे काय करावं?

गणिती_गाळ
आता कसं बोललात! तो आलेख मिळवा, मग स्थिर अवस्थेचं गणित बाजूला ठेवून काळानुसार चालणारं मॉडेल लावा. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज मॉडेल (एअरेशन टँकमधल्या जिवाणूंच्या वाढीचं गणित) १९८७ पासून उपलब्ध आहे, बहुतेक सिम्युलेशन सॉफ्टवेअर त्याच घराण्यातली. त्यात टाकी धुण्याचा दिवस घाला. टँकसह आणि टँकशिवाय, दोन्ही चालवा. अमोनिया मर्यादेच्या वर किती दिवस राहतो ते दोन रेषांत दिसेल. त्या दिवसांचा फरक हाच तुमच्या टँकचा हिशेब. फरक नगण्य आला तर टँक सोडून द्यायची तयारीही ठेवा.

अल्कलिनिटी विसरू नका. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सात मिलिग्रॅमहून जास्त अल्कलिनिटी (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) लागते. धुण्याच्या पाण्यात आम्ल असेल तर खेळ तिथेच संपेल, ऑक्सिजन कितीही असो.

निवळी
आणि ते मॉडेल विषबाधा आपोआप दाखवत नाही, हेही सांगा. नायट्रीकरण करणाऱ्यांच्या वाढीचा वेग त्या दिवसांपुरता हाताने कमी करून बघावा लागेल. किती कमी करायचा हे ठरवायला त्या धुण्याच्या पाण्याचा नमुना चालू प्रकल्पातल्या गाळाबरोबर बाटलीत ठेवून बघा, नायट्रेट किती वेगाने तयार होतंय ते. साधी चाचणी आहे, कुठलीही बरी प्रयोगशाळा करते.

आणखी एक. त्या दोन उद्योगांशी थेट बोला. टाकी धुतल्यावर पाणी त्यांनीच साठवून रात्रभर हळूहळू सोडलं तर तुमचा टँक लहान होऊ शकतो. झटका जिथे तयार होतो तिथेच मोडणं सगळ्यात चांगलं.

तळघर
टँक झालाच तर त्यातून उपसणारे पंप जमिनीच्या वर ठेवा, आणि बायपासचा व्हॉल्व हाताने फिरवता येईल असा ठेवा. वीज नसतानाच त्याची गरज पडते.

जलरेखा
उद्योगांशी बोलायचं सुचलंच नव्हतं कुणाला, आमची हद्द प्रकल्पाच्या फाटकाशी संपत होती. पुढच्या आठवड्यात भेट ठरवते. नमुने घेताना २४ तासांचा कंपोझिट नमुना चालेल ना? प्रयोगशाळा तोच सुचवतेय.

रसायनी
कंपोझिट नको. तो दिवसभराचं पाणी एकत्र करतो आणि तुम्हाला हवं असलेलं शिखर त्यातच बुडतं. दर तासाला वेगळी बाटली भरा, निदान धुण्याच्या दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी. प्रत्येक बाटलीत पीएच, अल्कलिनिटी, अमोनिया आणि सीओडी (रासायनिक चाचणीने काढलेलं घाणीचं माप) बघा. प्रवाहही त्याच वेळी मोजा, नाहीतर एकूण भार काढता येणार नाही. अमोनियाच्या बाटल्या लगेच गार करा.